अभ्यागतांचा ओळखबिल्ला : कार्यालयांमधील व्यवस्था, नियम आणि जबाबदारी

सरकारी कार्यालय असो, बँक असो, कारखाना असो किंवा माहिती तंत्रज्ञान कंपनी असो, बाहेरून येणाऱ्या व्यक्तीला आत जाण्यापूर्वी नाव नोंदवावे लागते आणि ओळखबिल्ला घ्यावा लागतो. हा बिल्ला कुठे कागदी पास असतो, कुठे गळ्यात अडकवायचे प्लॅस्टिकचे कार्ड असते, तर कुठे मोबाइलवरचा क्यूआर कोड. पद्धत आता सर्वांच्या परिचयाची झाली आहे. मात्र अनेक ठिकाणी ती केवळ उपचार म्हणून पाळली जाते. वहीत अस्पष्ट अक्षरात नाव लिहिले जाते, कार्ड गळ्यात अडकवले जाते आणि ती व्यक्ती पुढे कुठे गेली, केव्हा परतली, याची विचारणा होत नाही.

अभ्यागताच्या बिल्ल्याने तीन प्रश्नांची उत्तरे मिळणे अपेक्षित असते. आत आलेली व्यक्ती कोण आहे, तिला कुठपर्यंत जाण्याची परवानगी आहे आणि या क्षणी ती इमारतीत आहे की बाहेर पडली आहे? यापैकी पहिल्या दोन प्रश्नांकडे सुरक्षेच्या दृष्टीने लक्ष दिले जाते. तिसरा प्रश्न बहुधा दुर्लक्षित राहतो. आग लागल्यास किंवा वायुगळती झाल्यास मात्र नेमक्या याच प्रश्नावर माणसांचे प्राण अवलंबून असतात.

एकच तारीख, दोन घटना

देशाच्या संसदेशी संबंधित दोन घटना या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. योगायोगाने दोन्हींची तारीख एकच आहे.

१३ डिसेंबर २००१ रोजी पाच दहशतवादी एका पांढऱ्या अॅम्बेसेडर मोटारीतून संसद भवनाच्या आवारात शिरले. मोटारीवर लाल दिवा होता आणि काचेवर गृह मंत्रालयाचे बनावट स्टिकर लावलेले होते. या हल्ल्यात सुरक्षा कर्मचाऱ्यांसह नऊ जणांना प्राण गमवावे लागले. पाचही दहशतवादी सुरक्षा दलांच्या कारवाईत मारले गेले. प्रवेशाची खूण केवळ दिसण्यावरून खरी मानली गेली तर काय होऊ शकते, हे या घटनेने दाखवून दिले. स्टिकर असो वा बिल्ला, त्याची पडताळणी मूळ नोंदीशी करता आली पाहिजे, हा त्यातील धडा होता.

त्यानंतर बावीस वर्षांनी, १३ डिसेंबर २०२३ रोजी, दोन तरुणांनी लोकसभेच्या प्रेक्षक कक्षातून सभागृहात उड्या मारल्या आणि बुटांमध्ये लपवून आणलेल्या नळकांड्यांतून रंगीत धूर सोडला. या वेळी प्रवेशपत्रे बनावट नव्हती. एका खासदाराच्या शिफारशीवरून, ठरलेल्या पद्धतीने ती देण्यात आली होती. ओळख पटली म्हणजे हेतू आणि जवळचे सामान यांचीही खातरजमा झाली असे नव्हे, हे या घटनेतून स्पष्ट झाले. पुढे मे २०२४ मध्ये संसद संकुलाच्या सुरक्षेची जबाबदारी केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे सोपवण्यात आली.

एका घटनेत खूण खोटी होती, दुसऱ्या घटनेत ती खरी होती. त्यामुळे ओळखीची पडताळणी आणि अंगझडती किंवा सामानाची तपासणी ही दोन स्वतंत्र कामे आहेत आणि एकामुळे दुसऱ्याची गरज संपत नाही, हे लक्षात ठेवणे आवश्यक ठरते.

मंत्रालयातील आग

२१ जून २०१२ रोजी मुंबईतील मंत्रालयाच्या इमारतीला आग लागली. चौथ्या मजल्यावर सुरू झालेली आग वरच्या मजल्यांवर पसरली. या दुर्घटनेत पाच जणांचा मृत्यू झाला. मृतांमध्ये कामानिमित्त मंत्रालयात आलेल्या नागरिकांचाही समावेश होता.

कोणत्याही मोठ्या कार्यालयात कर्मचाऱ्यांना जिने, बाहेर पडण्याचे पर्यायी मार्ग आणि एकत्र जमण्याची जागा ठाऊक असते. सहकाऱ्यांपैकी कोणी दिसत नसेल तर ते चटकन लक्षातही येते. अभ्यागताचे तसे नसते. तो इमारतीत कदाचित प्रथमच आलेला असतो, त्याला वाटा माहीत नसतात आणि तो बाहेर आला नाही, हे लक्षात येण्याजोगे ओळखीचे माणूस जवळ असेलच असे नाही. अशा वेळी अग्निशमन दलाच्या अधिकाऱ्याने 'आत अजून किती जण आहेत' असे विचारल्यास अभ्यागतांपुरते उत्तर केवळ प्रवेशाच्या नोंदीतूनच देता येते.

ही नोंद उपयोगी पडण्यासाठी दोन अटी आहेत. पहिली, आत येण्याच्या वेळेइतकीच बाहेर पडण्याची वेळही नोंदवली गेली पाहिजे. दुसरी, वीज गेली किंवा स्वागत कक्षात थांबणे अशक्य झाले, तरी ती यादी इमारतीबाहेर उपलब्ध असली पाहिजे. नोंद केवळ स्वागत कक्षातील संगणकात असेल आणि तोच कक्ष धुराने भरला असेल, तर तिचा उपयोग होत नाही. त्यामुळे यादी मोबाइलवर पाहता येण्याची सोय ठेवणे, किंवा वही असल्यास ती बाहेर आणण्याची जबाबदारी एका ठरावीक व्यक्तीकडे देणे, हा सुरक्षित मार्ग मानला जातो.

बिल्ल्यावर काय असावे

अभ्यागताचा बिल्ला कर्मचाऱ्यांच्या ओळखपत्राहून वेगळा दिसला पाहिजे, हा पहिला नियम आहे. दोन्हींचा रंग आणि आकार सारखाच असेल तर समोरची व्यक्ती बाहेरची आहे, हे मार्गिकेत भेटणाऱ्या कर्मचाऱ्याला कळत नाही. म्हणूनच अनेक संस्था बिल्ल्याचा आणि गळ्यातील फितीचा रंग वेगळा ठेवतात. पाहुणे, कंत्राटी कामगार, मुलाखतीसाठी आलेले उमेदवार अशा वर्गांसाठी निरनिराळे रंगही वापरले जातात.

साधारणपणे बिल्ल्यावर पुढील तपशील असतात :

- अभ्यागताचे नाव आणि शक्य असल्यास छायाचित्र
- ज्यांना भेटायचे त्या अधिकाऱ्याचे नाव किंवा विभाग
- प्रवेशाची परवानगी असलेला मजला किंवा क्षेत्र
- दिनांक आणि मुदत संपण्याची वेळ
- अभ्यागताने एकट्याने फिरू नये, असा नियम असल्यास त्याची खूण
- बिल्ल्याचा अनुक्रमांक

मोबाइल क्रमांक, घरचा पत्ता किंवा आधार क्रमांक बिल्ल्यावर छापण्याचे काहीच कारण नसते. बिल्ला सर्वांना दिसावा म्हणून लावलेला असतो. त्यामुळे त्यावरील प्रत्येक तपशील सर्वांसाठी खुला होतो, हे तो तयार करतानाच ध्यानात घ्यावे लागते.

बिल्ल्याच्या मागील बाजूस आपत्कालीन दूरध्वनी क्रमांक आणि एकत्र जमण्याच्या जागेचा छोटा नकाशा छापण्याची पद्धत उपयुक्त आहे. त्यासाठी वेगळा खर्च येत नाही आणि नवख्या माणसाला गरजेच्या वेळी ही माहिती हाताशी मिळते.

आगमनापासून परतीपर्यंत

बिल्ल्याची व्यवस्था नीट चालण्यासाठी प्रत्येक टप्प्याची जबाबदारी ठरलेली असावी लागते.

पहिला टप्पा पूर्वनोंदणीचा. ज्यांच्याकडे पाहुणे येणार आहेत, त्यांनी नाव, दिवस आणि वेळ स्वागत कक्षाला आधी कळवल्यास दारावरची रांग कमी होते. अनाहूत आलेल्या व्यक्तीच्या बाबतीत संबंधित अधिकाऱ्याला दूरध्वनी करून संमती घेतल्याशिवाय बिल्ला देऊ नये, असा संकेत आहे.

दुसरा टप्पा ओळख पटवण्याचा. छायाचित्र असलेले कोणतेही अधिकृत ओळखपत्र त्यासाठी पुरेसे असते. ते पाहून परत द्यावे. काही ठिकाणी मूळ ओळखपत्र ठेवून घेऊन बिल्ला दिला जातो. या पद्धतीमुळे बिल्ले परत येतात हे खरे असले, तरी ओळखपत्रांची अदलाबदल होण्याचा किंवा ती गहाळ होण्याचा धोका निर्माण होतो. आणीबाणीत इमारत रिकामी करावी लागली तर अभ्यागताचे ओळखपत्र आतच राहते.

तिसरा टप्पा सोबतीचा. संवेदनशील विभागांत अभ्यागताला नेण्यासाठी आणि परत दारापर्यंत सोडण्यासाठी संबंधित विभागातील कोणीतरी यावे, अशी अपेक्षा असते. दार उघडले असता कर्मचाऱ्याच्या पाठोपाठ आत शिरणे ही प्रवेश नियंत्रणातील नेहमीची त्रुटी आहे. सौजन्य म्हणून दार धरून ठेवले जाते आणि कार्डाची नोंद न होताच दुसरी व्यक्ती आत जाते. यंत्रांवरचा खर्च कितीही वाढवला, तरी कर्मचाऱ्यांना याबाबत जाणीव करून दिल्याशिवाय हा दोष दूर होत नाही.

चौथा टप्पा परतीचा. बाहेर पडताना बिल्ला जमा करून घेणे, वेळ नोंदवणे आणि कार्ड असल्यास ते निष्क्रिय करणे ही कामे येथे होतात. दिवसअखेर दिलेले आणि परत आलेले बिल्ले मोजून हिशेब जुळवावा. एखादा बिल्ला कमी असल्यास ती व्यक्ती आत आहे की बिल्ला घेऊन गेली, याची खात्री त्याच दिवशी करून घ्यावी. बरीच कार्यालये हीच पायरी गाळतात आणि काही महिन्यांनी किती बिल्ले बाहेर आहेत, हे कोणालाच सांगता येत नाही.

कागद, कार्ड आणि मोबाइल

कागदी पास स्वस्त असतो आणि विजेवर अवलंबून नसतो. मात्र तो दुसऱ्या दिवशी पुन्हा वापरला जाण्याची शक्यता असते. त्यावर उपाय म्हणून आपोआप बाद होणारे बिल्ले उपलब्ध आहेत. त्यांत दोन थर एकमेकांवर चिकटवताच आतील शाई हळूहळू वर झिरपू लागते आणि ठरावीक मुदतीनंतर बिल्ल्यावर लाल पट्टे किंवा अक्षरे उमटतात. बिल्ल्याची मुदत संपल्याचे दुरूनही कळते.

रेडिओ लहरींवर चालणारी आरएफआयडी कार्डे दाराशी जोडलेली असल्याने ठरावीक मजल्यापुरताच प्रवेश देता येतो आणि हरवलेले कार्ड तत्काळ बंद करता येते. क्यूआर कोडचा पास मोबाइलवर आगाऊ पाठवता येतो. तथापि स्थिर क्यूआर कोडचे छायाचित्र काढून ते दुसऱ्याला पाठवता येते. त्यामुळे दारावर नाव आणि चेहरा पडताळणे आवश्यकच राहते.

सरकारी पातळीवरही ही व्यवस्था संगणकीकृत होत आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये 'सुस्वागतम' हे पोर्टल सुरू केले. वकील, पक्षकार आणि अभ्यागत यांना त्यावर नोंदणी करून न्यायालयात प्रवेशासाठी इलेक्ट्रॉनिक पास घेता येतो. महाराष्ट्रात मंत्रालयाच्या प्रवेशासाठी २०२५ मध्ये चेहरा ओळखणारी यंत्रणा आणि 'डिजीप्रवेश' हे मोबाइल ॲप वापरात आणण्यात आले.

ऑनलाइन नोंदणीमुळे वेळ वाचतो, यात शंका नाही. परंतु गावाकडून अर्ज घेऊन आलेल्या वृद्ध शेतकऱ्याकडे स्मार्टफोन असेलच असे नाही. सरकारी कार्यालयात येणारा नागरिक हा पाहुणा नसतो, तो आपल्या हक्काच्या कामासाठी आलेला असतो. म्हणून ॲपबरोबरच माणूस बसलेली खिडकी चालू ठेवणे आणि तेथील सूचना स्थानिक भाषेत लावणे, हा व्यवस्थेचा अविभाज्य भाग मानला गेला पाहिजे.

विशेष नियम असलेली क्षेत्रे

काही क्षेत्रांत अभ्यागतांची नोंद ऐच्छिक नसते. विमानतळांच्या सुरक्षित भागात जाण्यासाठी नागरी विमान सुरक्षा ब्यूरोच्या व्यवस्थेखाली प्रवेश परवाने दिले जातात आणि परवानाधारकाला कोणत्या विभागात जाता येईल, हे त्यावर नमूद असते. जहाजे आणि बंदरे यांच्या सुरक्षेची आंतरराष्ट्रीय संहिता १ जुलै २००४ पासून अमलात आली. तेव्हापासून बंदरात आणि जहाजावर येणाऱ्या प्रत्येकाची ओळख आणि येण्याचे कारण तपासणे बंधनकारक झाले आहे.

बँकांची डेबिट आणि क्रेडिट कार्डे यांची माहिती हाताळणाऱ्या कंपन्यांना पेमेंट कार्ड उद्योगाचे सुरक्षा मानक पाळावे लागते. संवेदनशील भागात अभ्यागताला परवानगीनेच आणि सोबतीनेच नेणे, त्याला कर्मचाऱ्यांपासून वेगळा ओळखू येणारा आणि मुदत असलेला बिल्ला देणे, जाताना तो परत घेणे आणि अन्य कायद्याची आडकाठी नसल्यास भेटीची नोंद किमान तीन महिने जपून ठेवणे, या बाबी त्या मानकात नमूद आहेत. पुणे, बंगळूर, हैदराबाद, गुरुग्राम येथील अशा अनेक सेवा केंद्रांत दारावरच काटेकोरपणा दिसतो, त्यामागे हे कारण असते.

घातक रसायने हाताळणाऱ्या कारखान्यांच्या बाबतीत जबाबदारी आणखी वाढते. १९८४ च्या भोपाळ वायुदुर्घटनेनंतर कारखाना कायद्यात १९८७ मध्ये दुरुस्ती झाली आणि १९८९ मध्ये घातक रसायनांविषयीचे नियम करण्यात आले. त्या नियमांनुसार मोठ्या धोक्याच्या कारखान्यांना आवारातील आपत्कालीन आराखडा तयार ठेवावा लागतो आणि दर सहा महिन्यांनी त्याचा सराव घ्यावा लागतो. अशा सरावात अभ्यागतांची मोजणीही करून पाहणे योग्य ठरते. मालमोटारींचे चालक, त्यांचे मदतनीस आणि दुरुस्तीसाठी आलेले कारागीर ही मंडळी नेमकी मोजणीतून सुटतात. या लोकांना बिल्ला देताना भोंग्याचा अर्थ आणि बाहेर पडण्याची दिशा दोन मिनिटे समजावून सांगणे हेही त्याच कामाचा भाग आहे.

वैयक्तिक माहितीची जपणूक

अभ्यागत आपले नाव, मोबाइल क्रमांक आणि छायाचित्र देतो, ते विश्वासाने देतो. स्वागत कक्षाच्या टेबलावर उघडी पडलेली वही हा या विश्वासाचा भंग असतो. सही करताना आधीच्या वीस-पंचवीस जणांचे मोबाइल क्रमांक कोणालाही वाचता येतात. महिला अभ्यागतांना यातून नको असलेले दूरध्वनी येण्याचा धोका राहतो. प्रत्येक अभ्यागतासाठी सुटी चिठ्ठी वापरणे किंवा आधीच्या नोंदी झाकल्या जातील अशी वही ठेवणे, हा साधा उपाय आहे.

ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ सदस्यांच्या घटनापीठाने खासगीपणाचा अधिकार हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. सप्टेंबर २०१८ मध्ये आधारविषयक निकालात खासगी संस्थांच्या आधार वापरावर मर्यादा आल्या. पुढे २०१९ च्या दुरुस्तीने ऐच्छिक ऑफलाइन पडताळणीची तरतूद झाली. मात्र अशी पडताळणी करणाऱ्याला आधार क्रमांक साठवता येत नाही. त्यामुळे आधार कार्डाची छायाप्रत काढून फाइलला लावणे टाळावे. अभ्यागताला आधारच दाखवायचे असल्यास केवळ शेवटचे चार अंक दिसणारे 'मास्क्ड आधार' दाखवता येते.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित करण्यात आले. संस्थांवरील बहुतेक बंधने लागू होण्यासाठी अधिसूचनेपासून अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यात आली आहे. माहिती कशासाठी घेतली जात आहे हे संबंधित व्यक्तीला सांगणे, त्याच हेतूसाठी ती वापरणे, तिचे संरक्षण करणे आणि हेतू पूर्ण झाल्यावर, अन्य कायद्याने ती ठेवणे आवश्यक नसल्यास, ती पुसून टाकणे ही या अधिनियमाची मुख्य सूत्रे आहेत. संमतीसाठी द्यायची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागतो. मराठीचा त्यात समावेश आहे. माहितीच्या संरक्षणासाठी वाजवी उपाय न केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

हा अधिनियम डिजिटल स्वरूपातील किंवा कागदावर घेऊन नंतर डिजिटल केलेल्या माहितीला लागू होतो. निव्वळ कागदी वही त्याच्या कक्षेत येत नसली, तरी तिच्यातील क्रमांकाचा गैरवापर झाल्यास अभ्यागताला होणारा त्रास सारखाच असतो.

दारावरचा माणूस

संपूर्ण व्यवस्था अखेरीस स्वागत कक्षातील कर्मचारी आणि सुरक्षा रक्षक यांच्यावर अवलंबून असते. खासगी सुरक्षा संस्था नियमन अधिनियम २००५ मध्ये झाला. त्याखालील २००६ च्या आदर्श नियमांत रक्षकांसाठी शंभर तासांचे वर्गातील आणि साठ तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण सुचवले आहे. ओळखपत्रांची तपासणी आणि अग्निशमन हे दोन्ही विषय त्या प्रशिक्षणात आहेत.

रक्षकाला नियम माहीत असणे जितके महत्त्वाचे, तितकेच व्यवस्थापनाने त्याच्या पाठीशी उभे राहणेही महत्त्वाचे असते. मोठ्या हुद्द्यावरील पाहुण्याला बिल्ल्याविना सोडावे म्हणून वरिष्ठच दूरध्वनी करत असतील, तर रक्षकाला दोष देता येत नाही. असा अपवाद एकदा झाला की आतील लोकांची यादी अपुरी राहते आणि अपुरी यादी संकटकाळात दिशाभूल करते.

त्याचबरोबर अभ्यागताशी वागण्याची रीतही महत्त्वाची आहे. ज्याला लिहिता येत नाही त्याचा तपशील कर्मचाऱ्याने लिहून घ्यावा, दृष्टिहीन किंवा चाकाच्या खुर्चीवरील व्यक्तीला बाहेर पडताना मदत लागेल याची नोंद प्रवेशाच्या वेळीच करावी, बसायला जागा आणि पिण्याचे पाणी असावे. तपासणीचे कारण शांतपणे सांगितले तर बहुतेक लोक सहकार्य करतात.

लहान कार्यालयांसाठी

दहा-वीस कर्मचारी असलेल्या कार्यालयाला महागड्या यंत्रणेची गरज नसते. क्रमांक टाकलेले वेगळ्या रंगाचे मोजके बिल्ले, येण्या-जाण्याची वेळ लिहिण्याच्या सुट्या चिठ्ठ्या, संध्याकाळी बिल्ले मोजण्याची सवय आणि इमारत रिकामी करताना त्या चिठ्ठ्या बरोबर नेण्यासाठी नेमलेली एक व्यक्ती, एवढ्यावर ही व्यवस्था उभी राहू शकते. वर्षातून एकदा तरी अग्निशमन सरावाच्या वेळी अभ्यागतांची यादी प्रत्यक्ष तपासून पाहावी. यादीतील संख्या आणि बाहेर जमलेले अभ्यागत यांचा मेळ बसला, तर व्यवस्था योग्य रीतीने चालू आहे असे म्हणता येते. मेळ बसला नाही, तर चूक कोणत्या टप्प्यावर झाली हे शोधून ती पुढील सरावापूर्वी दुरुस्त करणे संस्थेच्या हाती असते.